हलक्या ट्राउट रॉडसाठी तरंगती लाईन कशी निवडावी
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मार्च उजाडला की दुकानात एक प्रश्न ठरलेला असतो. "मे महिन्यात तीर्थनला चाललोय, चार नंबरचा रॉड घेतलाय, आता लाईन कुठली देता?" तीर्थन ही हिमाचलातली नदी; तिथे ट्राउट हा थंड पाण्यातला मासा फ्लायने, म्हणजे पिसांच्या बनावट माशीने, धरतात. त्या प्रश्नाचं नीट उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, शनिवारी संध्याकाळी काउंटरवर गर्दी असताना तर नाहीच. म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा, मग या.

पवनेच्या काठावर बसून गळ टाकायची सवय असेल तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. तिथे आपण शिसं फेकतो आणि दोरा त्याच्यामागून जातो. फ्लायला वजनच नसतं. बारीक गळावर बांधलेली चिमूटभर पिसं आणि दोरा, एवढाच ऐवज. म्हणून वजन लाईनमध्ये असतं. आपण लाईन फेकतो आणि फ्लाय तिच्यामागून जाते. खिशात मोजके पैसे असतील तर आमचा सल्ला असा: रॉड साधा घ्या, लाईन बरी घ्या आणि रीलवर सगळ्यात कमी खर्च करा. हलक्या ट्राउटच्या कामात रील म्हणजे लाईन गुंडाळून ठेवायची जागा. (महागडी रील्स आम्हीही विकतो. तरी सांगतोय.)

नंबर म्हणजे काय

रॉडवर मुठीच्या वर ३, ४ किंवा ५ असा आकडा लिहिलेला असतो आणि लाईनच्या खोक्यावरही तो असतो. लाईनचा आकडा तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून ठरतो. अगदी टोकाचा एकसारख्या जाडीचा छोटा तुकडा त्यात धरत नाहीत. वजन ग्रेन या जुन्या मापात देतात: ३ नंबरला १००, ४ नंबरला १२०, ५ नंबरला १४० ग्रेन. ग्रॅममध्ये सांगायचं तर साधारण साडेसहा, पावणेआठ आणि नऊच्या थोडं वर. दोन नंबरांमधला फरक जेमतेम सव्वा ग्रॅमचा, पण चांगला रॉड तो हाताला कळवतो.

रॉडचा आणि लाईनचा नंबर जुळला म्हणजे काम झालं, असं पुस्तकी उत्तर. गोम त्या ३० फुटांत आहे.

तीर्थनसारख्या ओढ्यावजा नदीत मोठ्या धोंड्याआड उभा असलेला मासा तुमच्यापासून फार तर २५ फुटांवर असतो. त्यातले ९ फूट लीडरचे, म्हणजे लाईनच्या टोकाला जोडलेल्या निमुळत्या नायलॉनचे. रॉड तिरका धरलेला असतो, म्हणून त्याच्या लांबीतले चार-सहा फूट वजा केले तर टोकाबाहेर लाईन उरते १० फूट, नाहीतर १२. ज्या ३० फुटांच्या वजनावर रॉड वाकेल असा हिशेब केलेला, त्याचा तिसरा हिस्साच बाहेर. वजन तर तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, कारण लाईनचं पुढचं टोक निमुळतं असतं. रॉड वाकतच नाही. माणूस मग हाताला दोष देतो, जोर लावतो आणि लाईनचा गुंता पायाशी येऊन पडतो.

यावर उपाय दोन. पहिला, पुढचा निमुळता उतार आखूड असलेली लाईन घ्यायची, म्हणजे वजन टोकाच्या जवळ येतं. दुसरा, एक नंबर चढी लाईन लावायची: ४ च्या रॉडवर ५ ची. जवळच्या पाण्यासाठी हे चालतं, रॉडला काही होत नाही. पण हे करण्याआधी खोक्यावरचे ग्रेन वाचाच. हल्ली पुष्कळ कंपन्या ४ नंबर लिहून अर्धा नंबर, कधी पूर्ण नंबर जड लाईन देतात. १४० ग्रेनची '४ नंबर' आधीच ५ ची आहे. तिच्यावर आणखी एक नंबर चढवलात तर नाजूक रॉड नुसता लुळा पडेल. खोक्यावर ग्रेन छापले नसतील तर आमच्याकडे सोनाराचा काटा आहे. ३० फूट मोजून तुमच्यासमोर वजन करून दाखवतो.

डीटी की डब्ल्यूएफ

खोक्यावर डीटी-४-एफ किंवा डब्ल्यूएफ-४-एफ असं लिहिलेलं असतं. शेवटचा एफ म्हणजे तरंगणारी. डीटी (डबल टेपर) दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये सलग जाड. डब्ल्यूएफमध्ये (वेट फॉरवर्ड) सगळं वजन पुढच्या ३० ते ४० फुटांत आणि मागे बारीक लाईन, लांब फेकताना सुळकन निघून जाणारी.

लोक यावर तासन्‌तास वाद घालतात. आमच्या अनुभवात पहिल्या ३० फुटांत दोन्हींत हाताला फारसा फरक कळत नाही आणि लहान नदीत त्यापुढे लाईन जातेच कुठे? काश्मीरमधल्या लिद्दर नदीसारख्या रुंद पाण्यावर किंवा तळ्यावर जाणार असाल तर डब्ल्यूएफ घ्या. नाहीतर डीटी घ्या, कारण ती स्वस्त पडते. एक टोक झिजलं की रीलवर उलटी भरायची आणि दुसरं टोक नवंकोरं. ९० फुटी डीटी मधोमध कापून दोन मित्रांत वाटून घेणारेही आहेत. प्रत्येकी ४५ फूट लहान नदीला पुरून उरते. पुणेकरांना हे पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. एक अडचण मात्र आहे. अख्खी डीटी जाड असल्याने लहान रीलमध्ये बॅकिंगला, म्हणजे लाईनच्या मागे भरायच्या बारीक दोऱ्याला, जागा कमी राहते.

'ट्रॉपिकल' लिहिलेली घेऊ नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. "आपला देश उष्ण, म्हणून ट्रॉपिकल घेतली," असं म्हणत निदान चार जण तरी परत आलेत. ट्राउट आपल्याकडचा नाही. तपकिरी ट्राउटची अंडी १९०० च्या सुमारास ब्रिटनहून काश्मीरला आणली, पुढे कुलूकडे मासा गेला, निलगिरीत इंद्रधनुषी ट्राउट रुजला. सगळ्या जागा थंड पाण्याच्या, कारण कोमट पाण्यात हा मासा तगत नाही. मे महिन्यातही तीर्थनमध्ये हात बुडवलात तर बोटं बधिर होतात. लाईन निवडताना विचार करायचा तो त्या पाण्याचा, आपल्या देशाचा नाही.

ट्रॉपिकल लाईनचा गाभा आणि लेप दोन्ही कडक असतात, उन्हात मऊ पडू नयेत म्हणून. थंड पाण्यात तिची जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखी वेटोळी होतात आणि सरळ होता होत नाहीत. ट्राउटला थंड पाण्याचीच लाईन हवी: आत विणलेल्या नायलॉनचा मऊ गाभा, वर प्लास्टिकचा लेप. त्या लेपात डोळ्यांना न दिसणारे काचेचे पोकळ गोळे मिसळलेले असतात, त्यांच्यामुळे ती पाण्याहून हलकी होते.

हीच लाईन एप्रिलच्या दुपारी पुण्यात काढलीत तर लिबलिबीत, चिकट लागेल आणि रॉडच्या कड्यांमध्ये अडकेल. माल खराब नाही, वेळ चुकली. सराव सकाळी साडेसहाला करा, गवत असलेल्या मैदानावर, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. डांबरावर किंवा मुरमावर एकदाही नको, लेप खरवडला जातो. खडकवासल्याला जाऊन सराव करू असं वाटेल, पण जलाशयांतली मासेमारी ठेक्याने दिलेली असते. विनापरवाना गळ टाकून भांडण ओढवून घेऊ नका.

रंगाबद्दल थोडक्यात: माशापुढे जातो तो लीडर. लाईन तुम्हाला दिसेल अशी घ्या, फिकट पिवळी किंवा फिकट हिरवी. भडक नारिंगी आम्ही ठेवत नाही. लीडर ९ फुटी, टोकाला ५ एक्स, म्हणजे सुमारे ०.१५ मिलिमीटर. एवढ्यावर सुरुवात करा.

टोक बुडायला लागलं तर

नव्वद टक्के वेळा ती घाण असते. कोमट पाणी, अंगाच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, मग स्वच्छ पाणी. पेट्रोल, स्पिरिट, थिनर लावू नका. डास पळवणाऱ्या काही क्रीममध्ये डीट नावाचं रसायन असतं, ते प्लास्टिक विरघळवतं. हाताला लावलं असेल तर लाईन धरण्याआधी धुवा. धुऊनही टोक बुडत असेल तर लेपाला भेगा पडून गाभ्यात पाणी शिरलंय. तेवढे दोनेक फूट कापून लीडर जोडायचा लूप पुन्हा करता येतो, तो आम्ही करून देतो. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत रील ठेवू नका. पावसाळ्यात चार महिने वापर नसेल तर लाईन रीलवरून उतरवून सैल वेटोळ्यात खुंटीला लावा.

हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. बाकीच्या महिन्यांत मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तिकीट काढायच्या आधी तो बघा.

दुकानात येताना रॉड आणि रील दोन्ही आणा. नुसता मोबाईलमधला फोटो चालत नाही, रील किती लाईन घेईल ते फोटोवरून कळत नाही. नवी लाईन रीलवर भरून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. जुनी मात्र घरी उतरवून आणा.