रिपरची शाल आणि एक जास्तीचा 'सी'

१८८८ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, व्हाइटचॅपल आणि आसपासच्या गल्ल्यांत, दहा आठवड्यांत पाच बायकांचे खून झाले. खुनी काही सापडला नाही. पोलिसांकडे गेलेल्या एका पत्राखालच्या सहीवरून त्याचं नाव जॅक द रिपर पडलं आणि तेव्हापासून हौशी शोधकांची जी रांग लागलीय ती आजही संपलेली नाही. डॉक्टर झाले, चित्रकार झाले, राणीचा नातूसुद्धा संशयितांच्या यादीत येऊन गेला. यातले बहुतेक जण जुनी कागदपत्रं उकरत बसतात, पण रसेल एडवर्ड्स नावाच्या एका ब्रिटिश व्यावसायिकाने २००७ मध्ये सरळ पुरावाच विकत घेतला. म्हणजे त्याला तरी तो पुरावाच वाटला.

सफोकमधल्या बरी सेंट एडमंड्स गावात एका लिलावात एक जुनी रेशमी शाल निघाली होती. दोन मीटरहून लांब, कडेला फुलांची नक्षी, मध्येमध्ये डाग. सोबत आलेली गोष्ट अशी की चौथी बळी कॅथरीन एडोज हिच्या मृतदेहाजवळ ही शाल पडली होती, तिथे ड्युटीवर असलेल्या एमोस सिम्पसन नावाच्या पोलिसाने ती वरिष्ठांना विचारून घरी नेली, बायको शिवणकाम करायची म्हणून, पण रक्ताचे डाग बघून बायकोला किळस आली आणि तिने ती कधी वापरलीही नाही आणि धुतलीही नाही. मग पिढ्यानपिढ्या शाल घरातच राहिली, नव्वदच्या दशकात काही काळ स्कॉटलंड यार्डच्या म्युझियममध्येही होती. डीएनए शोधणाऱ्या माणसासाठी 'कधी धुतलीच नाही' हे तीन शब्द म्हणजे लॉटरीच की.

आता आधी त्या रात्रीचं बघू, कारण प्रयोगशाळेत जायच्या आधीच इथे घोळ सुरू होतो.

२९ सप्टेंबरच्या संध्याकाळी कॅथरीन दारू पिऊन रस्त्यात पडलेली सापडली म्हणून पोलिसांनी तिला बिशप्सगेट चौकीत आणून ठेवलं. रात्री एकच्या सुमाराला शुद्धीवर आली म्हणून सोडून दिलं. मायटर स्क्वेअरमध्ये गस्त घालणारा शिपाई वॉटकिन्स दीड वाजता तिथून गेला तेव्हा कोणी नव्हतं, पावणेदोनला परत आला तर कोपऱ्यात तिचं प्रेत. पोट फाडलेलं, डावं मूत्रपिंड आणि गर्भाशय काढून नेलेलं. हे सगळं जेमतेम पंधरा मिनिटांत.

शवागारात पोलिसांनी तिच्या अंगावरच्या आणि खिशातल्या वस्तूंची यादी केली, आपल्याकडच्या भाषेत पंचनामा, आणि ती आजही वाचायला मिळते. काळी हॅट, काळं जॅकेट, एकावर एक घातलेले स्कर्ट, पुरुषाचा पांढरा बनियनसारखा वेस्ट, गळ्याला लाल रेशमी जाळीचा तुकडा, पांढऱ्या चिंध्यांचे बारा तुकडे, मातीचे दोन पाइप, अंगुस्तान, मोहरीचा एक डबा. डब्यात गहाणवटीच्या चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक तिच्या जोडीदाराच्या बुटांची. इतकी बारीकसारीक यादी ज्यांनी केली त्या लोकांनी दोन मीटरची रेशमी शाल तेवढी लिहायची सोडली? यादीत शाल नाहीच.

बरं, मायटर स्क्वेअर येतो सिटी ऑफ लंडन पोलिसांच्या हद्दीत, आणि सिम्पसन होता मेट्रोपॉलिटन पोलिसात. दोन वेगळी दलं. त्या रात्री तो तिथे हजर होता असं दाखवणारा एकही तत्कालीन कागद नाही, जे आहे ते फक्त घराण्यात सांगत आलेलं. एडवर्ड्सला हे माहीत होतं आणि त्याने त्यावर उत्तरही काढलं. बूट गहाण टाकणाऱ्या बाईकडे एवढी भारी शाल कुठून येणार, म्हणजे शाल खुन्याची! यात गंमत अशी की त्याचा आवडता खुनी आरन कॉस्मिन्स्की हा पोलंडहून आलेला गरीब ज्यू न्हावी होता, त्याच्याकडे तरी रेशीम कुठलं? पण शालीवरची फुलं मायकलमस डेझीची आहेत, मायकलमस हा सण पाश्चात्त्य चर्चमध्ये २९ सप्टेंबरला आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ८ नोव्हेंबरला येतो, आणि शेवटचे खून ३० सप्टेंबरला आणि ९ नोव्हेंबरला झाले, म्हणजे खुन्याने फुलांतून तारखेचा इशारा दिला, असाही धागा त्याने जोडला. माझ्या मते हा माणूस कुठे घसरला ते इथेच कळतं. प्रत्येक अडचण पुरावा होत गेली की काहीही झालं तरी हरायची सोयच उरत नाही.

तरीही, डीएनए जुळला तर? तर हे सगळं बाजूला ठेवावं लागेल ना. म्हणून पुढचं महत्त्वाचं.

लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठातले यारी लौहेलाइनेन यांनी ही शाल फुकटात, आपल्या सवडीने तपासली. वेगवेगळ्या प्रकाशात डाग शोधले, काही रक्ताचे वाटले, एक वीर्याचा असावा असं वाटलं. कापडाचा तुकडा कापायच्या ऐवजी धाग्यांमध्ये द्रव सोडून तो परत ओढून घेतला, म्हणजे वरची धूळ न येता आत मुरलेलं बाहेर येईल. लीड्स विद्यापीठातले डेव्हिड मिलर यांनी पेशी शोधायला मदत केली. कल्पना चांगली होती, त्याबद्दल वाद नाही.

सव्वाशे वर्षं जुन्या डागात पेशीच्या केंद्रातला डीएनए बहुतेक तुकडे तुकडे होऊन गेलेला असतो, आणि तोच माणसागणिक वेगळा असतो, कोर्टात 'हाच तो' म्हणायला तोच लागतो. त्याऐवजी इथे मुख्य आधार घेतला मायटोकाँड्रियातल्या डीएनएचा. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या छोट्या भागांत स्वतःचा एक गोल डीएनए असतो, फक्त १६,५६९ अक्षरांचा (डीएनएची अक्षरं म्हणजे ए, सी, जी, टी ही चार रसायनं), पण एकेका पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात म्हणून निदान काही तरी टिकून राहतं. तो फक्त आईकडून येतो. त्यामुळे कॅथरीनसाठी तिच्या मुलीच्या मुलीच्या मुलीच्या अशा ओळीतली आजची वंशज शोधली, आणि कॉस्मिन्स्कीसाठी त्याच्या बहिणीच्या ओळीतली, कारण पुरुषाचा हा डीएनए त्याच्या मुलांत जातच नाही, पण त्याच्या आईचा तोच डीएनए बहिणीतून पुढे चालू राहतो.

आईच्या ओळीतले सगळे, मावश्या, मावसभावंडं, मावशीच्या मुलींची मुलं, पणजीच्या बहिणींचा सगळा गोतावळा, यांचा हा डीएनए जवळपास सारखाच असतो. म्हणून तो जुळला नाही तर माणूस ठामपणे बाद करता येतो. जुळला तर मात्र एवढंच कळतं की हा माणूस असू शकतो, आणि त्याच्यासारखे असंख्य इतरही असू शकतात. मग सगळा खेळ येतो 'असंख्य' म्हणजे किती या प्रश्नावर.

२०१४ मध्ये एडवर्ड्सचं पुस्तक आलं, पेपरात मोठ्ठे मथळे आले, रिपर सापडला! पुस्तकातला हुकमी आकडा असा होता: शालीवरच्या आणि कॅथरीनच्या वंशजेच्या डीएनएत '३१४.१ सी' नावाचा बदल सापडला, आणि तो २,९०,००० लोकांत एखाद्यातच असतो.

महिन्याभरात ब्रिटनच्या इंडिपेंडंटमध्ये बातमी आली की हा आकडाच चुकलाय. मूळ चूक आधी हेरली होती ऑस्ट्रेलियातल्या काही हौशी अभ्यासकांनी, आणि मग डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक सर अलेक जेफ्रीज यांच्यासकट अनेक तज्ज्ञांनी तेच सांगितलं.

चूक काय होती ते नीट समजून घेऊ, कारण मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. मायटोकाँड्रियाच्या डीएनएत ३०३ ते ३१५ या जागांवर अक्षरं अशी येतात: सात वेळा सी, मग एक टी, मग पाच वेळा सी. आता समजा कोणाकडे त्या शेवटच्या पाचांच्या जागी सहा सी आहेत. जास्तीचा नेमका कुठे घुसला? एकसारखा युनिफॉर्म घातलेली पाच पोरं रांगेत उभी आहेत आणि आणखी एक तसंच पोरगं मध्ये शिरलं, तर फोटो बघून तुम्ही सांगू शकाल का नवीन कोणतं? नाही ना. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांनी नियम ठरवला की जास्तीचं अक्षर नेहमी रांगेच्या शेवटी धरायचं, म्हणजे ३१५ नंतर, आणि त्याला म्हणायचं '३१५.१ सी'. ३१४ नंतर आला असं लिहिलं तरी अक्षरांची रांग तीच राहते, फक्त नाव चुकीचं होतं. आणि डेटाबेसमध्ये चुकीच्या नावाने शोधलं तर काय सापडणार? काहीच नाही. मग वाटतं, अरे वा, किती दुर्मिळ!

बरोबर नावाने शोधलं तर ३१५.१ सी युरोपीय वंशाच्या ९९ टक्क्यांहून जास्त लोकांत असतो. म्हणजे शाल शिवणाऱ्यात, विकणाऱ्यात, लिलाववाल्यात, तपासणाऱ्यात, सगळ्यांत.

मग इतका कॉमन असूनही त्याला बदल का म्हणतात? तर तुलना ज्याच्याशी करतात तो नमुना १९८१ मध्ये केंब्रिजमध्ये वाचला गेला आणि १९९९ मध्ये तपासून दुरुस्त केला, आणि नेमका त्या नमुन्यातच सी एक कमी आहे. दुर्मिळ तो नमुना आहे, बाकी दुनिया नाही. पण मोजपट्टी बदलली तर जुन्या सगळ्या नोंदी बदलाव्या लागतील म्हणून तो तसाच ठेवलाय.

आणि क्षणभर धरू की २,९०,००० मध्ये एक हा आकडा बरोबर होता. त्या काळच्या लंडन आणि उपनगरांची वस्ती पन्नास लाखांच्या वर होती. भागाकार केला तर सतरा-अठरा लोक निघतात. वर हे लोक शहरभर सुटेसुटे पसरलेले नसतात, आईकडून येणारी गोष्ट असल्याने नात्यागोत्यात एकत्र असतात. 'हा डीएनए दुर्मिळ आहे' आणि 'म्हणून हा डाग तिचाच आहे' यांच्यामध्ये बरीच मोठी उडी आहे, कोर्टातसुद्धा भलेभले तिथे फसतात.

कॉस्मिन्स्कीच्या बाजूचं तर आणखी पातळ. त्याच्या आईकडच्या ओळीचा डीएनए-गट निघाला टी१ए१, आणि युरोपात हा गट काही विरळा नाही. २०१९ मध्ये लौहेलाइनेन आणि मिलर यांनी जर्नल ऑफ फॉरेन्सिक सायन्सेसमध्ये रीतसर पेपर छापला, त्यात डाग सोडणाऱ्याचे केस आणि डोळे तपकिरी असावेत असाही अंदाज होता. तपकिरी डोळे-केसांची माणसं ईस्ट एंडमध्ये पायलीला पन्नास असणार, ते सोडा. पण त्या पेपरात डीएनएची अक्षरंच नव्हती! हयात वंशजांची प्रायव्हसी म्हणून अक्षरांच्या जागी रंगीत चौकोन काढले होते, हा रंग त्या रंगाशी जुळतो बघा. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचे डीएनए तज्ज्ञ वाल्थर पार्सन यांनी तेव्हाच म्हटलं की मायटोकाँड्रियाची अक्षरं छापल्याने कोणाच्या खाजगीपणाला धोका नसतो, आणि ती नसतील तर वाचणाऱ्याने निकाल तपासायचा कसा. मला हे पटतं. २०१४ मध्ये एका अक्षराच्या नावावरून नाचक्की झालेली, ती चूक सापडली कारण नाव छापलेलं होतं, आणि दुसऱ्या वेळी अक्षरंच झाकली.

शिवाय शालीला हात किती लागले? २००७ मध्ये कॅथरीनच्याच दोन वंशज तीन दिवस या शालीबरोबर एकाच खोलीत होत्या हे माहीत आहे. म्हणजे ज्यांच्या डीएनएशी जुळणी करायची त्याच घराण्याची त्वचा, थुंकीचे कण शालीवर जायची शक्यता आधीच तयार. अशा वेळी शाल हाताळलेल्या प्रत्येकाचा नमुना घेऊन आधी तो वजा करावा लागतो, आणि नव्वदच्या दशकापासूनची सगळी माणसं आता कुठून गोळा करणार.

कॉस्मिन्स्की निर्दोषच होता असं मी म्हणत नाहीये. त्याचं नाव काही एडवर्ड्सने हवेतून काढलेलं नाही. स्कॉटलंड यार्डचे अधिकारी मॅकनॉटन यांच्या १८९४ च्या टिपणात संशयित म्हणून 'कॉस्मिन्स्की' आहे, तपासाची जबाबदारी असलेले पोलीस अधिकारी स्वान्सन यांनीही एका पुस्तकाच्या समासात तेच नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय. १८९१ मध्ये त्याला कोलनी हॅचच्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केलं आणि १९१९ मध्ये तो लीव्हसडेनच्या इस्पितळात वारला. त्याच्यावर खटला कधी चालला नाही. कागदावरचा संशय जेवढा १८९४ मध्ये होता तेवढाच आजही आहे, शालीने त्यात काही भर घातली नाही.

आज कोणाला हे काम परत करायचं असेल तर वाट आहे. मोजक्या जागांऐवजी मायटोकाँड्रियाची सगळी १६,५६९ अक्षरं वाचायची, नमुना कोणाचा हे न सांगता दोन वेगळ्या प्रयोगशाळांना द्यायचा, डाग नसलेल्या कोऱ्या भागातूनही नमुने घ्यायचे, कारण तिथेही तेच अक्षर निघालं तर डागाला काही अर्थ उरत नाही. आणि अक्षरं छापायची. पण जुनं काम निदान जसं झालं तसं तपासता येईल का? २०२४ मध्ये त्याच जर्नलने पेपरवर जाहीर चिंता व्यक्त करणारी नोंद लावली: संपादकांनी मूळ डेटा मागितला, तर तो आता उपलब्ध नाही असं लेखकांचं उत्तर आलं.