जर्दाळू : वाळवणातून घडलेला इतिहास

सुक्यामेव्याच्या दुकानात जर्दाळू मागितला की समोरून प्रश्न येतो, "बीवाला देऊ की बिनबियांचा?" बीवाला म्हणजे लहान, तपकिरी, सुरकुतलेला आणि दाताला चिवट लागणारा. बिनबियांचा म्हणजे नारिंगी, चपटा, मऊ, बोटांनी दाबला तर दबणारा. शेजारशेजारच्या दोन डब्यांत ठेवलेले हे एकाच फळाचे दोन अवतार आहेत, हे ज्याला माहीत नाही त्याला ती दोन वेगळी फळं वाटतील. या दोन डब्यांमधल्या फरकाच्या मागे जर्दाळूची सगळी कहाणी आहे.

मुळात हे फळ टिकत नाही. झाडावर पूर्ण पिकलेला जर्दाळू उतरवला की दोन-चार दिवसांत त्याचा लगदा व्हायला लागतो. एका झाडाचा हंगाम फार तर दोन-तीन आठवडे चालतो आणि त्या दिवसांत ते झाड इतकं लगडतं की घरच्यांनी पोटभर खाऊन, शेजाऱ्यांना वाटूनही खाली सडा उरतो. त्यामुळे जिथे जिथे जर्दाळू रुजला तिथे तिथे लोकांपुढे एकच प्रश्न होता, आठवडाभरात एवढ्या फळाचं करायचं काय? वाळवायचं, लाटून पोळी करायची, मुरंबा घालायचा, दारू गाळायची, बी फोडून तेल काढायचं. जर्दाळूचे जे अनेक पदार्थ आज आपण कौतुकाने खातो ते बहुतेक या घाईतून जन्मलेले आहेत.

ताजा जर्दाळू आपल्याकडे येणं शक्यच नव्हतं. हिंग आला, मनुका आल्या, तसाच तोही काबूलच्या वाटेने सुकून आला. पण नाव मात्र ताज्या फळाचं घेऊन आला. फारसीत 'जर्द' म्हणजे पिवळा आणि 'आलू' म्हणजे प्लमच्या जातीचं फळ. हा जर्द आपल्या बोलण्यात रोज आहे. 'पिवळाजर्द' म्हणताना आपण दोन भाषांत एकच गोष्ट दोनदा सांगतो. आलुबुखार म्हणजे बुखाऱ्याचा आलू आणि जर्दाळू म्हणजे पिवळा आलू. (अळूच्या पानांशी या आलूचं काही नातं नाही.) गंमत अशी, की नावात पिवळा आणि डब्यात तपकिरी, ही विसंगती मराठी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या बिनतक्रार चालवून घेतली. ज्याला तो पिवळा रंग दिसला नाही त्याने तो शब्दात तेवढा जपला. तिकडे बिहारात भागलपूरकडच्या एका सुवासिक पिवळ्या आंब्यालाच 'जर्दालू' नाव मिळालं. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

हिंदी-उर्दूतला दुसरा शब्द खुबानी. तोही फारसीच्या 'खूब'मधला, म्हणजे चांगला, छान. नाव ठेवणाऱ्याने फार विचार केलेला दिसत नाही, पण मत स्पष्ट आहे.

नावांच्या बाबतीत या फळाइतका गोंधळ क्वचितच कुणाचा झाला असेल. वनस्पतिशास्त्रात ते 'प्रुनस आर्मेनियाका', म्हणजे आर्मेनियाचं. हे नाव १७५३ मध्ये लिनिअसने पक्कं केलं, पण चूक त्याच्याही आधीची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांच्या ताटात हे फळ आलं ते आर्मेनियाच्या बाजूने, म्हणून ते त्याला आर्मेनियाचं फळ म्हणू लागले. प्रत्यक्षात त्याच्या रानटी झाडांची जंगलं आजही मध्य आशियात तिएनशान पर्वताच्या उतारांवर आहेत, कझाकस्तान, किर्गिझस्तान आणि चीनमधल्या इली खोऱ्याच्या भागात. तिथून आणि चीनमधून ते माणसाच्या हाताने पश्चिमेला सरकत गेलं. रोमन लोकांचं आणखी एक नाव होतं, 'लवकर पिकणारं' अशा अर्थाचं. ते नाव ग्रीकांनी उचललं, त्यांच्याकडून अरबांनी घेऊन त्याचं 'अल-बरकूक' केलं. अरबांबरोबर ते स्पेनला गेलं, तिथून फ्रेंचांकडे आणि शेवटी इंग्रजीत 'ॲप्रिकॉट' होऊन बसलं. म्हणजे युरोपातूनच निघालेला शब्द भूमध्य समुद्राला वळसा घालून युरोपात परतला. पोर्तुगीजांना मात्र ते फळ सीरियातलं वाटलं. त्यांनी नाव ठेवलं 'दमास्को'. ज्याने ज्याच्या दुकानातून घेतलं, त्याने त्या दुकानाचं नाव फळाला चिकटवलं.

आर्मेनियन लोकांना ही शास्त्रीय दुरुस्ती सांगायला जाऊ नये. त्यांचं दुडुक नावाचं वाद्य जर्दाळूच्या लाकडाचंच हवं, असा त्यांचा आग्रह असतो आणि त्याचा घोगरा, उदास सूर ऐकल्यावर वाद घालायची इच्छा राहत नाही. येरेवानच्या चित्रपट महोत्सवाचं नावही 'सोनेरी जर्दाळू' आहे.

चीनमध्ये या झाडाने वेगळाच मान मिळवला. तिसऱ्या शतकाच्या सुमाराच्या दोंग फेंग नावाच्या वैद्याची कथा तिथे सांगतात. तो रोग्याकडून पैसे घेत नसे. गंभीर आजारातून उठलेल्याने पाच आणि किरकोळ दुखण्यातून बरा झालेल्याने एक जर्दाळूचं झाड लावायचं, एवढीच त्याची फी. काही वर्षांत दवाखान्याभोवती वन झालं. ती फळं धान्याच्या बदल्यात देऊन तो गरिबांना पोसत असे. आजही चिनी भाषेत 'जर्दाळूचं वन' म्हणजे वैद्यकी.

दमास्कसची कीर्ती पोर्तुगीजांपुरती नव्हती. तुर्की भाषेत एखादी गोष्ट उत्तम जमली की म्हणतात, 'याहून चांगला फक्त दमास्कसचा जर्दाळू.' शहराला वेढून असलेल्या घूता या बागायती पट्ट्यात जर्दाळूचा रस गाळून, पाटांवर पसरून, उन्हात वाळवून त्याचे पातळ तक्ते करतात. त्यांचं नाव 'कमर अल-दीन'. आपल्या आंबापोळीची ही सख्खी बहीण म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की आपण आंबापोळी तोंडात टाकतो आणि तिकडे हे तक्ते पाण्यात भिजवून विरघळवतात आणि रमजानमध्ये रोजा सोडताना त्याचं सरबत पितात. सीरियातल्या युद्धात घूताची फार मोठी हानी झाली. इजिप्तमध्ये 'उद्या, जर्दाळूच्या दिवसांत' असं कुणी म्हणालं तर ते काम कधीच होणार नाही असं समजावं. हंगामच इतका छोटा, की तो येऊन गेलेला कळत नाही. आपण उंबराचं फूल म्हणतो, तसलाच प्रकार.

हिंदुस्थानच्या इतिहासात जर्दाळूचा उल्लेख एका घरची आठवण काढणाऱ्या माणसाकडून येतो. बाबर मध्य आशियातल्या फरगाणाचा. आपल्या आठवणींत तो मर्गिलान या गावाबद्दल लिहितो, की तिथले डाळिंब आणि जर्दाळू फार चांगले. तिथे जर्दाळूची बी काढून त्या जागी बदामाचा मगज भरतात आणि मग ते वाळवतात. या प्रकाराला 'सुभानी' म्हणतात आणि तो फार चवदार लागतो. १५२६ मध्ये पानिपत जिंकलेला हा माणूस हिंदुस्थानात चांगली द्राक्षं नाहीत, खरबूज नाही, बर्फ नाही म्हणून कुरकुरतो, तेव्हा त्याच्या मनात ही फळं असणार. मुघलांच्या स्वयंपाकघरांतून सुकी फळं घालून शिजवायची तऱ्हा दक्षिणेपर्यंत पोहोचली.

दख्खनमध्ये तिचं सर्वांत गोड रूप म्हणजे हैदराबादचा 'खुबानी का मीठा'. ज्या राज्यात जर्दाळूचं एक झाड उगवत नाही, त्याच्या राजधानीचं ओळखीचं पक्वान्न जर्दाळूचं असावं, हे नीट विचार केला तर अजबच. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे मराठवाड्यातल्या लग्नांच्या पंगतीत हा पदार्थ परका वाटत नाही.

मुंबईत जर्दाळू तिखट बाजूने शिरला, पारशांच्या घरातून. 'जर्दाळू सली बोटी'मध्ये मटण, कांदा, आलं-लसूण आणि थोडं आंबटगोड यांच्या रश्शात भिजवलेले जर्दाळू सोडतात आणि वाढताना वर सलीचा, म्हणजे बटाट्याच्या काड्यांचा, कुरकुरीत ढीग रचतात. मांसात फळ शिजवायची रीत जुनी इराणी आहे. तिकडच्या खोरेश्त नावाच्या रश्शात आलू, जर्दाळू, डाळिंबाचा रस सहज असतो. बटाटा मात्र पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेहून आलेला. म्हणजे या ताटात तळाचा थर शेकडो वर्षं जुना आणि वरची सली त्या मानाने कालची.

युरोपने मुरंब्याची वाट धरली. १८३२ चा म्हणून सांगितला जाणारा व्हिएन्नाचा झाखरटोर्टे हा चॉकलेटचा केक आतल्या जर्दाळूच्या मुरंब्याशिवाय अपुरा. हंगेरीत त्याची दारू गाळतात.

आता त्या नारिंगी डब्याकडे येऊ. तो बहुधा तुर्कस्तानातल्या मालात्या प्रांतातून आलेला असतो. जगातल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या सुक्या जर्दाळूंपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त माल या एका प्रांतातला. तिथे वाळवण्याआधी फळांना बंद खोलीत जळत्या गंधकाचा धूर देतात. त्याने रंग टिकतो, बुरशी आणि किडे लांब राहतात. धूर न दिलेला जर्दाळू उन्हात आपोआप तपकिरी होतो आणि त्याला किंचित भाजल्यासारखी, काकवीकडे झुकणारी चव येते. म्हणजे आपण ज्याला शिळा समजून बाजूला सारतो तो डबाच खरं तर साधा वाळवलेला. दम्याच्या काही रुग्णांना गंधकाच्या या अंशाचा त्रास होऊ शकतो, त्यांनी पाकिटावर गंधकाच्या या वायूचा २२० हा आकडा शोधावा. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपाने मालात्या उद्ध्वस्त झालं, आणि एप्रिल २०२५ मध्ये ऐन मोसमाच्या तोंडावर पडलेल्या हिमकडाक्याने बहुतेक पीक गेलं. लवकर फुलायची सवय या झाडाला अशी नडते.

आपल्या देशात जर्दाळूचं खरं घर लडाख. तिथे त्याला 'चुली' म्हणतात. सिंधूकाठची शाम भागातली गावं, दाह-हनू, कारगिल आणि १९७१ च्या युद्धात भारताकडे आलेलं तुर्तुक, इथे एप्रिलमध्ये मातकट डोंगरांच्या पायथ्याशी पांढरट गुलाबी फुलोरा येतो. उन्हाळ्यात घरांच्या सपाट छपरांवर आणि तापलेल्या दगडांवर फळं पसरलेली असतात. कोवळ्या उन्हातलं आपलं पापडाचं अंगण आठवावं असं ते दृश्य. लडाखी माणूस फळ वाया घालवत नाही तशी बीही नाही. गोड मगज खातात, कडू मगजाचं तेल काढतात. ते केसांना लावतात, पूर्वी दिव्यातही जाळत, आणि फोडलेली टरफलं चुलीत जातात. बहुतेक जर्दाळूंची बी तपकिरी असते, पण 'रक्तसे कार्पो' या जातीची पांढरी. नावाचा अर्थच 'पांढरी बी'. आतला मगजही गोड. तिला २०२२ च्या डिसेंबरमध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे फळ ताजं असताना काश्मीरकडे उतरणारी झोजी ला ही खिंड सहसा ओलांडत नसे. २०२१ मध्ये लडाखचे ताजे जर्दाळू विमानाने दुबईला गेले.

शेजारच्या हुंझा खोऱ्याने मात्र जगाला एक दंतकथा दिली आणि ती महागात पडली. तिथले लोक जर्दाळू आणि त्याच्या बिया खाऊन शंभरी सहज ओलांडतात, असं पाश्चात्त्य प्रवाशांनी लिहिलं. कडू मगजातल्या ॲमिग्डॅलिनपासून केलेलं 'लेट्रिल' अमेरिकेत १९७० च्या दशकात 'बी-१७ जीवनसत्त्व' म्हणून कर्करोगावर विकलं गेलं. असं जीवनसत्त्वच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने १७८ रुग्णांवर चाचणी झाली आणि १९८२ मध्ये निष्कर्ष आला : उपयोग शून्य, उलट काहींच्या रक्तात सायनाइड विषारी पातळीच्या जवळ. ॲमिग्डॅलिन पोटात गेल्यावर सायनाइडच तयार होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये मोठ्या माणसांसाठी मर्यादा सांगितली, ती एका वेळी फार तर तीन लहान कच्च्या बियांची आहे. तरीही तो 'बी-१७' चा संदेश अधूनमधून आपल्या फोनवर येतोच. पुढे पाठवू नये.

लहानपणी आम्ही बत्त्याने फोडून खायचो त्या बिया बदामासारख्या गोड असायच्या, म्हणून आम्ही वाचलो. साधी खूण हीच, की एक चावून बघायची आणि कडू लागली तर थुंकून सगळ्या टाकून द्यायच्या.

खुबानी का मीठा करायचा असेल तर बीवाला तपकिरीच घ्या. नारिंगी जर्दाळूला भिजवल्यावरही गंधकाची आंबूस झाक राहते. पाव किलो रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी बिया काढून त्याच पाण्यात मंद आचेवर गर विरघळेपर्यंत शिजवा, साखर शेवटी आणि हात आखडून घाला. बिया चाखून गोड निघाल्या तर फोडून, सोलून वरून पेरा, नाहीतर बदाम आहेतच. आणि वर घालायची साय पुरेशी जाड हवी.