मशीन बंद होत नाही: सिस्टमडी थांबलाय की कर्नल अडकलाय?

नारायण पेठेत ओळखीच्या एका काकांचा छोटा प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, गणपतीच्या दिवसांत मंडळांची पावतीपुस्तकं. तिथली दोन मशीनं लिनक्सवर चालतात आणि ती मीच बसवून दिलीत, त्यामुळे काही बिघडलं की फोनही मलाच. पावसाळ्यातल्या एका शनिवारी रात्री फोन आला, "अरे, तू ते अपडेट केलंस ना, तेव्हापासून हे बंदच होत नाही. अर्धं शटर ओढून उभा आहे मी."

गंमत अशी, की तेच अपडेट घेतल्यापासून कर्वेनगरला घरी माझा लॅपटॉपही बंद व्हायला तयार नव्हता. तक्रार एक, अपडेट एक. मी न बघताच सांगून टाकलं, "काका, नव्या कर्नलचा घोळ आहे, माझ्याकडेही तेच चाललंय." कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, हार्डवेअर हाताळणारा. पण माझं म्हणणं सपशेल चूक निघालं. दोन्ही बिघाड सख्खे सोडा, चुलतसुद्धा नव्हते.

शटडाउनवर क्लिक केल्यावर जे होतं त्याचे दोन भाग असतात. मंगल कार्यालयात लग्न आटोपल्यावर काय होतं ते आठवा. आधी मॅनेजर हॉलभर फिरून वऱ्हाडाला बाहेर काढतो. कोपऱ्यात दोन मावश्या अजून गप्पा मारत असतात, त्यांना दोनदा सांगावं लागतं. सगळे गेले, की वायरमन येतो आणि पंखे, पंप, जनरेटर असं एकेक उतरवत शेवटी मेन स्विच पाडतो. मावश्या हलत नाहीत म्हणून उशीर होणं वेगळं आणि मेन स्विचच पडत नाही हे वेगळं. बाहेर रिक्षात बसलेल्याला मात्र दोन्ही वेळा एकच दिसतं: आत दिवे चालू आहेत.

यातला मॅनेजर म्हणजे सिस्टमडी, सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्राम) चालू-बंद करणारा. तो प्रत्येक सर्व्हिसला सिगटर्म पाठवून 'आवरा' म्हणतो, ठरलेला वेळ थांबतो आणि तरी कुणी उठलं नाही तर सिगकिल देतो, म्हणजे जबरदस्तीने बंद करतो. हा वेळ मुळात ९० सेकंदांचा असतो. काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या निरनिराळ्या अवतारांनी) तो कमी केला आहे. मग फाइलसिस्टिम अनमाउंट होतात, म्हणजे जोडलेल्या डिस्क सोडल्या जातात, आणि शेवटी रीबूट नावाचा सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला विनंती, जाते. तिथून पुढे सगळं कर्नलचं, म्हणजे वायरमनचं. तो डिव्हाइसांच्या यादीवर उलट्या क्रमाने जातो, प्रत्येक ड्रायव्हरचं शटडाउन फंक्शन चालवतो, मग 'रीबूट: पॉवर डाउन' अशी ओळ छापतो आणि एसीपीआयमार्फत (बोर्डाशी विजेबद्दल बोलायची ठरलेली पद्धत) बोर्डाला एस-५, म्हणजे पूर्ण बंद, अवस्थेत जायला सांगतो. वीज प्रत्यक्षात तोडतं ते बोर्ड.

आता लक्षणं. काकांच्या मशीनवर लोगो फिरत होता. एस्केप दाबल्यावर मागची अक्षरं दिसली. 'अ स्टॉप जॉब इज रनिंग', पुढे एका माउंटचं (जोडलेल्या फोल्डरचं) नाव आणि सरकणारे सेकंद, एक मिनिट तीस सेकंदांपैकी किती झाले ते. डावीकडे लाल चांदणी इकडून तिकडे पळत होती. म्हणजे मॅनेजर जागा होता, घड्याळ बघत उभा होता. माझा लॅपटॉप मात्र स्क्रीन काळी करून बसायचा. पंखा चालू, पॉवरचा दिवा चालू, कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा दिवा लागत नाही. एकदा मी तो तसाच ठेवून जेवून आलो, ढिम्म. आकडे सरकताना दिसले तर बहुतेक वेळा पहिला भाग, आणि मशीन मेल्यासारखं गप्प पण गरम असेल तर दुसरा.

'बहुतेक वेळा' म्हणायचं कारण काकांचंच मशीन. तिथे अडकलेलं माउंट एनएफएसचं, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेलं होतं, दुसऱ्या मशीनवरच्या डिझाइनच्या फोल्डरचं. सर्व्हर भेटेनासा झाला, की त्यावर थांबलेली प्रोसेस डी-स्टेटमध्ये (उत्तर येईपर्यंत न हलणारी झोप) जाऊन बसू शकते आणि लॉगमध्ये 'ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंड्स' अशी ओळ येते. ती लिहितो कर्नल, खाली स्टॅक ट्रेस (काम कुठल्या फंक्शनांत अडकलं त्याची यादी) देतो तोही कर्नलच्या फंक्शनांचा. ते बघून कुणीही कर्नलवरच बोट ठेवेल. पण साक्षीदाराने फिर्याद नोंदवली म्हणून तोच चोर ठरत नाही.

मग ठरवायचं कसं? अपडेटमध्ये कर्नल एकटा येत नाही. सिस्टमडी, नेटवर्क मॅनेजर, फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतला प्रोग्राम) अशी सगळी वरात येते. तेव्हा मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत जाऊन आधीचा कर्नल निवडायचा, बाकी एका फाइललाही हात लावायचा नाही, आणि शटडाउन करायचं. सोमवारी प्रेसमध्ये हेच केलं. जुन्या कर्नलवरही तीच लाल चांदणी. घरी जुन्या कर्नलवर लॅपटॉप निमूट बंद झाला. रिग्रेशन हा शब्द इथेच वापरायचा: आधी चालत होतं, फक्त कर्नल बदलला आणि मोडलं. बंद होताना त्रास देणारं प्रत्येक मशीन रिग्रेशनग्रस्त नसतं.

काकांचं कोडं अर्ध्या तासात सुटलं. त्याच आठवड्यात त्यांच्याकडे नवा राउटर आला होता आणि मुलाने वायफाय फक्त आपल्या लॉगिनपुरतं जोडलं होतं. शटडाउन म्हटलं, की आधी लॉगआउट, त्याबरोबर वायफाय गेलं आणि मग अनमाउंट करायला सर्व्हरच नाही. जोडणी सगळ्या युजरसाठी खुली केली, संपलं.

लॅपटॉपने मात्र माझे दोन रविवार खाल्ले. लॉग बघावा तर जर्नल (सिस्टमडी लिहितो तो लॉग) या दुसऱ्या भागाआधीच बंद झालेला असतो. डिस्कच सुटलेली, लिहिणार कुठे? संदेश दुसऱ्या मशीनवर बघावेत म्हणून तापकीर गल्लीतून यूएसबी-सिरियल केबल आणली आणि घरी आल्यावर ध्यानात आलं, की लॅपटॉपला सिरियल पोर्टच नाही. (ती केबल अजून ड्रॉवरमध्ये आहे.) पीस्टोअर या संदेश टिकवून ठेवणाऱ्या कर्नलच्या सोयीचाही उपयोग नव्हता: बंद होतानाचे संदेश त्यात साठवायला सांगता येतं, पण ते साठवणं 'पॉवर डाउन' छापल्यानंतर होतं आणि माझी गाडी त्याआधीच रुतत होती. शेवटी बूटच्या ओळीतून 'क्वाएट' काढलं, 'इनिटकॉल डीबग' आणि 'इग्नोअर लॉगलेव्हल' घातलं आणि मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग केलं. यामुळे कर्नल प्रत्येक डिव्हाइसचं शटडाउन फंक्शन चालवण्याआधी त्याचं नाव छापतो. शेवटचं नाव वायफाय कार्डाचं होतं.

ही शेवटची ओळ फार कामाची. 'पॉवर डाउन' दिसूनही वीज जात नसेल तर संशय एसीपीआय आणि फर्मवेअरवर. मशीन बंद होऊन लगेच आपोआप सुरू होत असेल तर ते वेगळंच प्रकरण, कुणीतरी त्याला जागं करतंय. इंटेलच्या पँथर पॉइंट चिपसेटवर यूएसबी-३ मुळे असं व्हायचं. कर्नलमध्ये त्यासाठी 'एक्सएचसीआय स्प्युरियस रीबूट' नावाची खास सोय आजही आहे.

बिघाड आणणारा कमिट, म्हणजे कोडमधला नेमका बदल, शोधायला गिट बायसेक्ट: दर वेळी मधला कर्नल तपासून 'गुड' की 'बॅड' ते सांगायचं. दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये चौदा हजार कमिट धरले तरी दर वेळी निम्मे बाद होतात, म्हणजे चौदा फेऱ्या. लोकलमॉडकॉन्फिगने फक्त माझ्या मशीनपुरते ड्रायव्हर ठेवल्यामुळे एक बिल्ड (कोडमधून कर्नल तयार करणं) पंधरा मिनिटांवर आलं. बिल्ड, बूट, शटडाउन, चहा. संध्याकाळी 'हा घ्या पहिला वाईट कमिट' म्हणून निकाल आला आणि तो होता एका एआरएम (दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरच्या) बोर्डाच्या फाइलमधला. माझ्या इंटेलच्या लॅपटॉपवर ती फाइल कंपाइलसुद्धा होत नाही.

चूक माझी होती. बिघाड दर वेळी होत नव्हता, साधारण तीनात एकदा व्हायचा. मी एकदा नीट बंद झालं की 'गुड' लिहून पुढे जात होतो, म्हणजे वाईट कर्नललाही चांगलं ठरवण्याची शक्यता तीनात दोन. 'बॅड' मात्र एकदा अडकलं तरी पक्कं. सलग आठ वेळा नीट बंद झालं तर फसण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आसपास येते. पुढच्या रविवारी बायसेक्टचा लॉग काढला, त्यातले सगळे 'गुड' खोडले, फक्त सुरुवातीची जुनी आवृत्ती ठेवली, 'बॅड' तसेच ठेवले आणि रीप्ले करून पुन्हा बसलो, दर 'गुड'साठी आठ शटडाउन. आई दोनदा विचारून गेली, सारखं चालू-बंद काय करतोस म्हणून.

या खेपेला कमिट वायफायच्या ड्रायव्हरमध्येच सापडला. नव्या शटडाउन फंक्शनमध्ये कार्डाच्या फर्मवेअरला आज्ञा पाठवून उत्तराची वाट बघितली जात होती; कार्ड आधीच झोपलेलं असेल तर उत्तर कधीच यायचं नाही. तीनात एकदाच का, तेही त्यावरून कळलं. तेवढा कमिट रिव्हर्ट करून, म्हणजे मागे घेऊन, वीस वेळा बंद केलं, वीसही वेळा झालं. बायसेक्टचा लॉग जोडून ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना कळवलं. दुरुस्ती येईपर्यंत सिस्टमडीच्या सिस्टिम-शटडाउन फोल्डरमध्ये दोन ओळींची स्क्रिप्ट टाकली आहे. ती वीज जाण्याच्या जरा आधी वायफायचं मॉड्यूल (ड्रायव्हर) काढून टाकते.

काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या कर्नलला काही झालंच नव्हतं?"

"नाही."

"मग सोमवारी जुना कशाला लावून बघितलास?"