पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र: सदनिकेचा ताबा नेमका कोणत्या कागदावर घ्यावा?

महाराष्ट्रातील शहरांत नव्या इमारतीतील सदनिकेचा ताबा देताना विकासक कागदपत्रांचा जो संच ग्राहकाच्या हाती ठेवतो, त्यात काम पूर्ण झाल्याचे सांगणारा एखादा कागद बहुधा असतोच. त्यावर सही-शिक्का असतो, मंजूर नकाशाचा क्रमांक असतो, आणि तेवढ्यावर समाधान मानून अनेक जण किल्ली घेतात. हा कागद म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र, असा समज त्यामागे असतो. प्रत्यक्षात पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र हे दोन निराळे कागद आहेत, आणि त्यांतील फरक ओळखण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे कागदावर सही कोणाची आहे आणि तो कोणाला उद्देशून लिहिला आहे, हे पाहणे.

पूर्णत्वाचा दाखला हे मुळात मालकाच्या बाजूने केलेले निवेदन आहे. बांधकामावर देखरेख करणारा वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंता नियोजन प्राधिकरणाला लिहून देतो की, अमुक क्रमांकाच्या परवानगीनुसार हाती घेतलेले काम मंजूर नकाशांप्रमाणे पुरे झाले आहे. मुंबई वगळता राज्यातील महानगरपालिकांना लागू असलेल्या 1949च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम 263 पाहिले, तर हा क्रम स्पष्ट दिसतो. काम संपल्यापासून एका महिन्याच्या आत मालकाने तशी सूचना विहित नमुन्यातील दाखल्यासह आयुक्तांकडे द्यायची, तपासणीस सर्व सोयी पुरवायच्या आणि मग वापराच्या परवानगीची वाट पाहायची. मुंबईसाठी 1888च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील कलम 353-अ हेच काम करते. म्हणजे दाखला हा अर्जाचा भाग झाला आणि त्यावरील निर्णय अजून व्हायचा असतो.

तो निर्णय म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. ते फक्त नियोजन प्राधिकरण देऊ शकते. बहुतेक ठिकाणी ती महानगरपालिका किंवा नगरपरिषद असते, तर काही क्षेत्रांत म्हाडा, सिडको, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण किंवा पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). प्रमाणपत्र देण्यापूर्वी इमारत मंजूर नकाशाशी ताडून पाहिली जाते, आणि त्याचबरोबर ती राहण्यास योग्य आहे की नाही हेही पाहिले जाते. अग्निशमन विभागाचा अंतिम ना हरकत दाखला, उद्वाहनाचा परवाना, मलनिस्सारणाच्या जोडणीचे पूर्णत्व, संरचना अभियंत्याचा स्थैर्याचा दाखला आणि जेथे अट असेल तेथे पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था, असे अनेक विभागांचे कागद त्यासाठी एकत्र यावे लागतात. भिंती उभ्या राहिल्या, रंग झाला, फरशी बसली, तरी पाण्याची जोडणी नाही किंवा जिन्यातील अग्निशमन यंत्रणा चालू नाही, अशी इमारत बांधकामाच्या अर्थाने पूर्ण आणि वास्तव्याच्या अर्थाने अपुरी असू शकते.

स्थावर संपदा अधिनियम, 2016 म्हणजेच रेरा कायद्याने हा भेद व्याख्यांतच केला आहे. त्यानुसार पूर्णत्व प्रमाणपत्र हे प्रकल्प मंजूर आराखडा, रेखांकन आणि विनिर्देशांप्रमाणे विकसित झाल्याचे सांगते, तर भोगवटा प्रमाणपत्र हे पाणी, स्वच्छता व वीज यांसारख्या नागरी सुविधांची सोय असलेल्या इमारतीत राहण्याची परवानगी देते. मात्र या कायद्यातील पूर्णत्व प्रमाणपत्रही सक्षम प्राधिकरणाने द्यायचे असते, आणि येथे गोंधळ आणखी वाढतो. वास्तुविशारदाचा दाखला, महारेराकडे (रेरा कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाकडे) सादर होणारे नमुना 4 मधील वास्तुविशारदाचे प्रमाणपत्र आणि प्राधिकरणाचे पूर्णत्व प्रमाणपत्र, या तिन्हींना बोलण्यात एकच नाव दिले जाते. भरीस भर म्हणून ‘सीसी’ हे संक्षिप्त रूप आपल्याकडे बहुधा बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्रासाठी वापरले जाते, तर इतर राज्यांतून आलेले ग्राहक त्याचा अर्थ पूर्णत्व प्रमाणपत्र असा घेतात. विक्री कार्यालयात ‘सीसी मिळाली आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा ते विधान खरे असूनही ऐकणाऱ्याची पूर्ण दिशाभूल करू शकते, कारण प्रारंभ प्रमाणपत्र म्हणजे केवळ काम सुरू करण्याची मुभा.

मोठ्या गृहसंकुलांत या दोन्हींचा क्रमही सरळ राहत नाही. एखाद्या विंगला भोगवटा प्रमाणपत्र मिळून रहिवासी आत आलेले असतात आणि त्याच वेळी संकुलातील उरलेल्या इमारती, अंतर्गत रस्ते किंवा मनोरंजनासाठी राखलेली मोकळी जागा अपुरी असते. अशा वेळी रहिवाशांचे वास्तव्य कायदेशीर असते, पण प्रकल्प पूर्ण झालेला नसतो. अंशतः भोगवटा प्रमाणपत्राची तरतूद याचसाठी आहे. ते कोणत्या विंगला, कोणत्या मजल्यापर्यंत आणि कोणत्या सदनिकांना लागू आहे, हे त्यात लिहिलेले असते. दहाव्या मजल्यापर्यंतचे प्रमाणपत्र दाखवून बाराव्या मजल्याचा ताबा देणे शक्य होते, ते केवळ कागद पूर्ण वाचला जात नाही म्हणून.

पैशांचा आणि मुदतींचा विचार केला, तर दोन कागदांतील अंतर अधिक ठळक होते. रेरा कायद्यानुसार ग्राहकाने दोन महिन्यांत ताबा घेण्याची आणि, स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसल्यास, प्रवर्तकाने म्हणजे विकासकाने तीन महिन्यांत अभिहस्तांतरण (मालकी हक्काचे हस्तांतरण) करून देण्याची मुदत भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेपासून मोजली जाते. त्यामुळे वास्तुविशारदाच्या दाखल्याचा आधार घेऊन ‘अमुक तारखेपर्यंत ताबा घ्या, अन्यथा देखभाल शुल्क सुरू होईल’ असे पत्र आले, तर ग्राहकाने सर्वप्रथम भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागणे योग्य ठरते. वस्तू व सेवा करात मात्र कसोटी वेगळी आहे. तेथे पूर्णत्व प्रमाणपत्र किंवा पहिला भोगवटा यांपैकी जे आधी होईल ते निर्णायक असते, आणि त्यानंतरच संपूर्ण मोबदला दिला गेला असेल, तर त्या सदनिकेवर हा कर लागत नाही. म्हणजे एकाच व्यवहारात एका कायद्यासाठी एक कागद महत्त्वाचा आणि दुसऱ्यासाठी दुसरा.

भोगवटा प्रमाणपत्राशिवाय राहणाऱ्यांना याची झळ वर्षानुवर्षे बसते. मुंबईतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांना 1997 मध्ये ताबा मिळाला, पण विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र मिळवलेच नाही. परिणामी त्यांना मालमत्ता कर 25 टक्के आणि पाणीपट्टी 50 टक्के जादा भरावी लागत होती. 11 जानेवारी 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात, प्रमाणपत्र न मिळवणे हे सतत चालू राहणारे उल्लंघन असल्याने तक्रार मुदतबाह्य ठरत नाही, असा निर्णय दिला. जुन्या इमारतींतील रहिवाशांच्या दृष्टीने हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण ‘आता इतकी वर्षे झाली’ हेच उत्तर त्यांना सर्वाधिक ऐकावे लागते. पुढे 17 डिसेंबर 2024 च्या निकालात त्याच न्यायालयाने ताबा, वीज-पाण्याच्या जोडण्या आणि इमारतीच्या तारणावरील कर्ज या सर्वांसाठी पूर्णत्व किंवा भोगवटा प्रमाणपत्र पाहण्याचे निर्देश दिले. तेथे दोन्ही नावे एकत्र आली आहेत, याचे कारण राज्याराज्यांत प्रथा वेगळ्या आहेत. त्यावरून महाराष्ट्रात वास्तुविशारदाचा दाखला पुरेसा ठरतो, असा अर्थ काढणे चूक होईल. राज्याच्या 1963च्या मालकी सदनिका कायद्यातही स्थानिक प्राधिकरणाने दिलेल्या प्रमाणपत्राशिवाय ताबा देण्यास बंदी आहे, आणि तो घेण्यासही आहे. ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ हा बचाव म्हणूनच फारसा टिकत नाही.

आणखी दोन समज तपासून घेण्यासारखे आहेत. मालमत्ता कराची पावती आली म्हणजे इमारत नियमित झाली, असे समजले जाते. तथापि महानगरपालिका अधिनियमात बेकायदा बांधकामावर शास्ती आकारण्याची तरतूद असून, ती भरल्याने बांधकाम नियमित ठरत नाही, हे कायद्यातच म्हटले आहे. दुसरा समज 21 दिवसांचा. पूर्णत्वाची सूचना मिळाल्यापासून 21 दिवसांत महानगरपालिकेने नकार कळवला नाही, तर वापरास अडसर राहत नाही, अशी तरतूद कलम 263 मध्ये आहे खरी, परंतु तिचा आधार घ्यायचा तर सूचना परिपूर्ण असावी लागते आणि बांधकाम मंजूर नकाशांशी जुळावे लागते. बाल्कनी खोलीत सामावून घेतलेली, वाहनतळाची जागा बंदिस्त केलेली किंवा मंजुरीपेक्षा जास्त चटईक्षेत्र वापरलेली इमारत नुसत्या दिवसांच्या गणतीने नियमित होत नाही, आणि प्रमाणपत्रे बहुधा अडतात ती याच कारणांनी.

विकासक हात वर करून निघून गेला असेल, तर संस्थेला स्वतः वास्तुविशारद नेमून, प्रत्यक्षातील बांधकामाचे नकाशे तयार करून प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्या नकाशांतून जी तफावत पुढे येते, तिच्यापैकी नियमानुकूल करता येण्याजोगा भाग अधिमूल्य (प्रीमियम) व दंड भरून मंजूर करून घेता येतो. उरलेला भाग काढावा लागतो. हा खर्च विकासकाकडून वसूल करण्यासाठी ग्राहक आयोगाकडे किंवा, प्रकल्प नोंदणीकृत असल्यास, महारेराकडे दाद मागता येते. अर्जाआधी मूळ मंजूर नकाशांची प्रत हाती असावी, आणि ती विकासकाकडून मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली प्राधिकरणाकडून मागता येते.