मॉड्यूलवरची सिग्नेचर आणि तिचं अनपेक्षित वागणं

स्टँडर्ड एमएल, ओकॅमल अशा एमएल घराण्यातल्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये मॉड्यूलला, म्हणजे टाइप आणि फंक्शनं एकत्र बांधलेल्या कोडच्या गठ्ठ्याला, सिग्नेचर लावता येते, म्हणजे आतलं बाहेर काय काय दिसणार त्याची यादी. नवीन माणसाला वाटतं ही फक्त तपासणी आहे, कोड यादीत बसला की झालं. पण सिग्नेचर तपासतेच आणि शिवाय कंपायलरला बऱ्याच गोष्टी विसरायलाही लावते, सगळा गोंधळ तिथेच सुरू होतो.

ओकॅमलमध्ये समजा आत टी हा टाइप इंट (पूर्णांक) आहे आणि सिग्नेचरमध्ये नुसतं टाइप टी लिहिलं, की बाहेरच्यांसाठी टी आणि इंटचा संबंध तुटला, त्यात 1 मिळवायला गेलात तर टाइप एरर. तेच मॉड्यूल त्याच सिग्नेचरखाली दोन नावांनी दोनदा सील केलं, म्हणजे सिग्नेचर लावून झाकलं, तर दोन वेगळे टी होतात आणि एकाची किंमत दुसऱ्याला चालत नाही, आतला कोड अक्षरशः एकच असला तरी! स्टँडर्ड एमएलमध्ये साधा कोलन टाइप उघडाच ठेवतो, झाकायला कोलनला जोडून ग्रेटर दॅनचं चिन्ह लावावं लागतं, ते 1997 च्या आवृत्तीत आलं. त्यामुळे एका भाषेची सवय दुसरीत हमखास फसवते.

फंक्टरमध्ये, म्हणजे एक मॉड्यूल घेऊन त्यातून दुसरं मॉड्यूल बनवणाऱ्या रचनेत, हे जास्त टोचतं. सेट बनवणारा फंक्टर स्वतः लिहिला आणि रिझल्टला नुसती सेटची सिग्नेचर दिली तर एलिमेंटचा टाइपसुद्धा झाकला जातो, मग रिकामा सेट मिळतो पण त्यात घालायला त्या टाइपची एकही किंमत आपल्याकडे नसते, आणि एरर येते ती फंक्टर लिहिला तिथे नाही, वापरला तिथे. म्हणून स्टँडर्ड लायब्ररीतला सेटचा फंक्टर सिग्नेचरला 'विथ टाइप' अशी जोड लावून सांगतो की एलिमेंटचा टाइप म्हणजे आर्ग्युमेंटमधलाच टाइप. असे अर्धे उघडे अर्धे झाकलेले टाइप 1994 मध्ये झाविए लरॉय यांनी आणि वेगळेपणाने हार्पर व लिलिब्रिज यांनी मांडले. ओकॅमल 3.12 पासून विथ टाइपमध्ये कोलन-इक्वल्सही चालतं, त्याने तो टाइप सिग्नेचरमधून पुसूनच टाकला जातो, टी नाव असलेल्या दोन सिग्नेचर एकत्र करायच्या असतील तर हे फार उपयोगी पडतं.

टाइप व्हेरिएबलचं, म्हणजे टाइपच्या जागी लिहायच्या अल्फासारख्या नावाचं, वागणं तर मला सगळ्यात विचित्र वाटतं. लेटने फंक्शनला नाव देताना त्यावर अल्फा ते अल्फा असा टाइप लिहून आत एक्स अधिक 1 केलं तरी ओकॅमल गुपचूप स्वीकारतो, कारण तिथला अल्फा म्हणजे 'काहीतरी टाइप, नंतर ठरेल' आणि तो इंट ठरतो. सिग्नेचरमध्ये मात्र अल्फा म्हणजे खरोखर कुठलाही टाइप, म्हणून तेच फंक्शन तिथे नापास होतं. उलट दिशेला अडचण नाही, अल्फा ते अल्फा फंक्शनला इंट ते इंट अशी सिग्नेचर चालते, फक्त बाहेर मग ते इंटपुरतंच उरतं.

आणि एवढं झाकूनही ओकॅमलचं साधं इक्वल्स आतलं रूप बघतंच. सेट आतून बॅलन्स्ड ट्री असतो, तेच एलिमेंट वेगळ्या क्रमाने घातले तर ट्रीचा आकार वेगळा होऊ शकतो आणि इक्वल्स फॉल्स म्हणतं, म्हणून दोन सेट तपासताना मॉड्यूलने दिलेलं इक्वल फंक्शनच वापरायचं.