खुलासा : छत गळतंय म्हणजे कापडच गेलं?

जुन्या कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी छत दुमडून उघडता येणाऱ्या गाड्यांबद्दल एक समज वर्षानुवर्षं चालत आलाय: आत पाणी आलं की छताचं कापड बदला, गळती थांबेल. बऱ्याचदा थांबत नाही, आणि खर्च मात्र झालेला असतो.

कारण कापड स्वतःहून क्वचितच झिरपतं. चांगल्या कॅनव्हास छतात बाहेर अॅक्रिलिकचं विणलेलं कापड, आत अस्तर आणि दोन्हींच्या मध्ये रबराचा थर असतो. पाणी अडवतो तो हाच थर. काही छतं व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकसारख्या कापडाची असतात; ते तर मुळातच जलरोधक. ते फाटलं, चिरलं किंवा शिवण उसवली तर गोष्ट वेगळी. एरवी पाणी शिरतं ते कडक झालेल्या रबरी सीलमधून, खिडकीची काच आणि छताचा सांगाडा नीट न जुळल्यामुळे, नाहीतर मागच्या बाजूची निचऱ्याची नळी पाल्यापाचोळ्याने तुंबल्यामुळे.

सांगाडा हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. बिजागऱ्यांच्या पिना झिजल्या की कमानी तिरक्या बसतात. त्यावर नवं कापड कितीही ताणा, कोपऱ्यात फट राहणारच. म्हणून जुनं छत उतरवल्यावर आधी उघडा सांगाडा काचांशी जुळवावा, ताण देणाऱ्या केबल आणि बाजूचे पट्टे तपासावेत, मगच नवं कापड चढवावं. व्हिनाइल असेल तर उबदार हवेत. थंडीत ते ताठ होतं, सुरकुत्या निघत नाहीत.

नवं कापड खरेदी करण्याआधी गाडीवर पाण्याचा पाइप खालून वर, हळूहळू फिरवून बघा. पाणी कुठून शिरतं ते बघायला एकाने आत बसायचं, हातात टॉर्च घेऊन.