खानदेशातला वाचक कानानं का वाचतो

आमच्या जळगाव-धुळ्याकडे पुस्तकावर मत देताना पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. "माणसं खरी बोलतात", नाहीतर "असं कोणी बोलत नाही." कथानक, मांडणी, विचार यांची पाळी नंतर येते. गेल्या पावसाळ्यात मी 'कोसला' तिसऱ्यांदा वाचली, 'हिंदू' दुसऱ्यांदा, आणि 'गीताप्रवचने' पहिल्यांदाच सलग. तिन्हींवर बोलताना माझ्याही तोंडी हेच माप आलं. ते आलं कुठून, हे शोधत मागं गेलो.

मला सापडलं ते असं: या मातीतली मोठी पुस्तकं आधी बोलली किंवा गायली गेली, कागदावर नंतर उतरली.

1932 सालचं धुळ्याचं तुरुंग घ्या. सविनय कायदेभंगात पकडलेले विनोबा तिथं होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, ओळीनं 18 रविवार ते सोबतच्या कैद्यांपुढं गीतेवर बोलले, दर रविवारी एक अध्याय. समोर बसून साने गुरुजी ते लिहून घेत होते. गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तिथल्या वसतिगृहातली मुलं सांभाळत होते. बोलणाऱ्याचा सूर ओळखणारा माणूस होता तो. म्हणून आज पुस्तक उघडलं तरी समोर कोणी बोलतंय असं वाटतं. मुद्दा फिरून येतो, घरातला दाखला येतो, ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून थांबल्यासारखं वाक्य थांबतं. संपादकानं ही पुनरुक्ती छाटली असती तर पुस्तक नीटस झालं असतं आणि मेलं असतं. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी स्वतःचं सर्वांत गाजलेलं पुस्तक लिहिलं. तेही कसं? एक जण सांगतोय आणि बाकीचे ऐकताहेत, रात्रीमागून रात्र. धुळ्यातले ते 18 रविवार त्या रचनेमागं असावेत असं मला नेहमी वाटतं.

त्याच काळात जळगावात बहिणाबाई चौधरी जात्यावर आणि शेतात गात होत्या. आसोद्याची ही बाई, अक्षरओळख नाही. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी जमेल तेवढं टिपून ठेवलं. 1936 मध्ये मराठी साहित्य संमेलन जळगावात भरलं, माधव ज्यूलियन अध्यक्ष होते. बहिणाबाई तेव्हा पंचावन्नच्या पुढं गेलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या, आणि त्यांची ओळही छापलेली नव्हती. संमेलनाच्या मांडवातल्या कोणाच्या कानावर ती ओवी गेली असती तर? हा प्रश्न मला अजून टोचतो. 1951 मध्ये त्या गेल्या, आणि 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह आला. जे किती तरी वर्षं ऐकू येत होतं ते पुस्तक झाल्यावरच मोलाचं ठरलं. बहिणाबाईंची, खानदेशातली लेवा बोली छापील पानावर मानानं बसू शकते, हे मात्र त्या संग्रहानं पक्कं केलं.

पुढं अकराच वर्षांनी, 1963 मध्ये, 'कोसला' आली. भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे, आणि त्यांचा नायक पांडुरंग सांगवीकर. तो पुण्याला शिकायला जातो, नापास होऊन गावी परततो, एवढीच गोष्ट. पण तो जे 'वगैरे वगैरे' म्हणत सांगतो, ते सांगणं म्हणजेच कादंबरी. तिसऱ्या वाचनात मला पुण्याचा भाग थोडा लांबलेला वाटला. मनीच्या, धाकट्या बहिणीच्या, मरणाची पानं मात्र याही वेळी एका बैठकीत वाचवली नाहीत. नेमाड्यांच्याच 2010 सालच्या 'हिंदू'बद्दल माझं मत इतकं निःशंक नाही. खंडेराव वडिलांच्या अखेरच्या वेळी मोरगावला येतो आणि आठवणींचा लोंढा सुटतो. जिथं गावातली माणसं एकमेकांवर तोंडसुख घेतात तिथं कादंबरी उभी राहते. जिथं खंडेराव संस्कृतीवर बोलू लागतो तिथं मला लेखक ऐकू येतो, खंडेराव नाही. कोणी याला माझा कोतेपणा म्हणेल. पण कानाला जे जाणवलं ते लपवून काय उपयोग?

आता या मापाला छेद देणारा माणूस. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा ऐकीव गोष्टींवर विश्वास नव्हता. 1898 पासून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड काढले, गावोगाव हिंडून, वाड्यांतली दप्तरं उकलून. बखरकार काय सांगतो यापेक्षा त्या दिवशीचं पत्र काय सांगतं, हे त्यांनी महत्त्वाचं मानलं. अखेरच्या वर्षांत ते धुळ्यात राहिले, 31 डिसेंबर 1926 ला तिथंच गेले, आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथं उभं राहिलं. वैचारिक किंवा ऐतिहासिक पुस्तक हाती आलं की आमच्या ग्रंथालयातले जुने सभासद "कागद कुठाय?" असं विचारतात, त्यामागं हा वारसा आहे असं मी समजतो.

सध्या येणारी अनुवादित माहितीपर पुस्तकं या दोन्ही मापांवर मला अडवतात. दाखले भरपूर असतात, आधार तळटीपांत असतो. पण मराठी वाक्य कोणाच्याच तोंडचं नसतं. अशी तीन पुस्तकं या वर्षी मी अर्ध्यात ठेवली.

संध्याकाळी ओसरीवर मी आईला एक पान मोठ्यानं वाचून दाखवतो. ती चौथी शिकलेली. 'गीताप्रवचने' तिनं पंधरा दिवस ऐकली, मध्ये उठली नाही. परवा नवं पुस्तक सुरू केलं, तर दुसऱ्याच परिच्छेदाला तिनं हात वर केला आणि म्हणाली, "थांब, हे बोलतंय कोण?"